दोन मिनिटांचं पॅकेज, नव्वद सेकंदांचं लाइव्ह

टीव्हीची बातमी एडिट टेबलावर कापली जाते, पण ती बनते घटनास्थळी. एडिटला क्रम बदलता येतो, वाक्य दुरुस्त करता येतं, रंग थोडाफार सुधारता येतो. न घेतलेला शॉट, फाटलेला आवाज आणि न विचारलेला प्रश्न मात्र तिथे कुठूनच आणता येत नाही. म्हणून काम उलट्या टोकाकडून करायचं: रात्रीच्या बुलेटिनला शेवटी काय लागणार आहे ते आधी डोक्यात धरायचं आणि तेवढं जागेवर गोळा करायचं. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू. पहाटे एका गोदामाला आग लागली आहे आणि कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या असाइनमेंट डेस्कचा फोन आला आहे.

निघताना

फोन ठेवण्यापूर्वी डेस्कला विचारून घ्या: पहिलं लाइव्ह किती वाजता, पॅकेज (चित्रं, लोकांचं बोलणं आणि निवेदन जोडून केलेली पूर्ण बातमी) कोणत्या बुलेटिनला, लांबी किती. "आधी जा, मग बघू" असं उत्तर आलं तर तुम्हीच एक वेळ सांगा आणि ती पाळा. सोबत कॅमेरामन असेल तर गाडीतच दोघांनी ठरवा की पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं तो शूट करेल आणि तुम्ही माणसं शोधाल. दोघंही एकाच वेळी एकाच माणसामागे धावतात आणि आगीचे पहिले शॉट्स राहून जातात, हे नेहमीचं.

बॅगेत काय हवं त्याच्या याद्या सगळ्यांकडे असतात. विसरतात त्या वस्तू ठरलेल्या. हेडफोन, कॉर्डलेस माइकचे जादा सेल, माइक कॅमेऱ्याला जोडणारी एक जादा एक्सएलआर केबल, माइकवरच्या फोमच्या जोडीला वारा अडवणारं केसाळ विंडशील्ड, कापडी चिकटपट्टी, पांढरा कागद आणि पेन्सिल. पेन्सिल यासाठी, की ओल्या कागदावर पेन उमटत नाही. विमानाने जायचं असेल तर लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा परवानगीशिवाय नेता येते, त्यावर १६० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. कॅमेऱ्याच्या बऱ्याच बॅटऱ्या ९५ किंवा ९८ वॉट-अवरच्या असतात, त्यामागचं कारण हेच.

पोहोचल्यावर

गाडीतून उतरताच कॅमेरा चालू. आग विझते, रुग्णवाहिका निघून जाते, गर्दी पांगते. इमारत, पाट्या, अधिकारी यांना तासाभराने घेतलं तरी चालतं. जे नाहीसं होणार आहे ते आधी घ्या.

स्वतः मात्र आधी वारा बघा. धूर ज्या दिशेला जातोय त्या बाजूला उभं राहू नका, आणि परत निघायची वाट तुमच्या पाठीमागे मोकळी ठेवा. जमावात काम असेल तर कडेला, भिंतीला किंवा गाडीला पाठ लावून. ओबी व्हॅनचा, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीचा मास्ट (अँटेनाचा उंच खांब) वर करण्यापूर्वी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या, रोज त्याच जागी उभी राहणारी व्हॅन असली तरी. मास्ट तारेला लागून माणसं दगावली आहेत. मास्ट वर असताना गाडी हलवायची नाही हेही त्यातच आलं.

आता हिशेब. दोन मिनिटांचं पॅकेज म्हणजे १२० सेकंद. बारा-बारा सेकंदांचे तीन बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) धरले तर ३६ गेले. पीटीसीला, म्हणजे तुम्ही स्वतः कॅमेऱ्याकडे बघून बोलता त्याला, १५. सुरुवातीला बंबाच्या भोंग्याचा किंवा पाण्याच्या फवाऱ्याचा नुसता आवाज पाच-सहा सेकंद. उरले साधारण ६३ सेकंद, तेवढा तुमचा व्हीओ, म्हणजे चित्रावरचं निवेदन. या ६३ आणि त्या सहा सेकंदांवर चार-चार सेकंदांचे सतरा-अठरा शॉट लागतील. काही हललेले निघणार, काही एकसारखे निघणार, म्हणून किमान तीस चांगले शॉट घेऊन यायचं. शंभर आणले तर एडिटर ते बघत बसणार आणि बुलेटिन चुकणार. कमी आणल्यापेक्षा हे बरं, पण फार बरं नाही.

तीस म्हणजे लांबून घेतलेले तीस वेगवेगळे वाइड नव्हेत. एक क्रिया निवडा आणि तिचे तुकडे करा. जवान पाइप ओढतोय: लांबून पूर्ण दृश्य, मग कमरेपासून वर, मग हातमोज्यातले हात, मग चेहरा, मग तो जिकडे बघतोय ती ज्वाळा. हे पाच शॉट एकापुढे एक लावले की वीस सेकंदांचा प्रसंग उभा राहतो आणि बघणाऱ्याला आपण तिथे असल्यासारखं वाटतं. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा. पॅन करायचाच असेल, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा असेल, तर दोन्ही टोकांना पाच-पाच सेकंद थांबा, नाहीतर एडिटरला कापायला जागाच मिळत नाही. सतत झूम इन, झूम आउट केलेलं फुटेज वापरता येत नाही, कारण चालू झूममध्ये कट मारला की डोळ्याला झटका बसतो. आणि पाइप डावीकडून उजवीकडे जातोय असं एका शॉटमध्ये दिसलं, तर पुढच्या शॉटसाठी पलीकडे जाऊन उभं राहू नका. दिशा उलटी होते आणि तोच जवान परत फिरल्यासारखा वाटतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याला लावून द्यायचा रंगाचा हिशेब, जागा बदलली की नव्याने करायचा. उन्हाचा प्रकाश साधारण ५६०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप), जुन्या पिवळ्या बल्बचा ३२००. बाहेरचा बॅलन्स तसाच ठेवून आत गेलात तर माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळत नाहीये असं समजा. ५० हर्ट्झ वीज असेल तिथे शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. हे पट्टे नंतर धड जात नाहीत.

आवाज, म्हणजे खरी भानगड

चित्र थोडं खराब असलं तर प्रेक्षक सहन करतो. आवाज खराब असला की चॅनेल बदलतो. तरी जागेवर सगळ्यात कमी लक्ष याच्याकडेच असतं, कारण खराब चित्र डोळ्याला दिसतं आणि खराब आवाज हेडफोनशिवाय कळत नाही. मीटर हलतोय म्हणजे आवाज येतोय असं नव्हे. केबलची खरखर, मोबाइलची टरटर, शर्टाची घासाघीस यांनीही मीटर हलतो. हेडफोन कानाला हवाच.

बोलण्याचा आवाज मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळवा. जोराचा शब्द उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकला की लाटेचं टोक कापलं जातं, आणि कापलेलं टोक कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी ऑटो लेव्हल बंद ठेवलेली बरी. बोलणारा दम घ्यायला थांबला की ऑटो लेव्हल मागचा गोंगाट वर उचलते, तो परत बोलू लागला की खाली दाबते, आणि बाईटभर लाट आल्यासारखं ऐकू येतं. दोन चॅनेल असतील तर एकावर बूम माइक (चॅनेलचा लोगो लावलेला हातातला माइक) आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा माइक घ्या. बूम दगा देतो त्या दिवशी दुसरा कामी येतो.

हातातला बूम तोंडाच्या वीतभर खाली, थोडा तिरका. थेट ओठांसमोर धरला तर प, फ, भ वर फट्‌फट् हवा आदळते आणि चॅनेलचा लोगो चेहरा झाकतो. कपड्याला लावायचा छोटा लेपल माइक हनुवटीपासून वीतभर खाली, आणि साखळी किंवा ओळखपत्राची पट्टी त्याला आपटत नाहीये ना ते बघून. समोरचाच आवाज पकडणाऱ्या लांबट गन माइकला बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडून ४८ व्होल्ट लागतात. कॅमेऱ्यावरचं फँटमचं, म्हणजे माइकला ही वीज देणारं, बटण बंद असेल तर माइक मुकाच राहतो आणि सगळे केबल बदलत बसतात.

पत्रकार परिषदेतला सापळा वेगळा. सगळ्या चॅनेलना एकच आवाज वाटणाऱ्या तिथल्या ऑडिओ बॉक्समधून येणारा आवाज पुष्कळदा लाइन लेव्हलचा असतो, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी पट जोराचा. कॅमेऱ्याचं इनपुट "माइक"वर राहिलं तर पहिल्या शब्दापासून आवाज फाटतो. मीटर खाली ओढून उपयोग नाही, कारण फाटतो तो मीटरच्या आधीच. स्विच "लाइन"वर करा, आणि बॉक्सवर भरवसा न ठेवता टेबलावर स्वतःचा बूमही ठेवा.

निघण्यापूर्वी अर्धा मिनिट त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. कुणी बोलायचं नाही. बाईटमधला खोकला कापल्यावर जी पोकळी राहते ती भरायला हाच तुकडा लागतो.

बाईट

आधी तीन माणसं ठरवा: ज्याने पाहिलं, ज्याच्यावर आलं, ज्याची जबाबदारी आहे. गोदामाच्या बाबतीत समोरचा रखवालदार, आतून सुटलेला कामगार आणि अग्निशमन दलाचा अधिकारी. अधिकाऱ्यांचे तीन बाईट घेतले तर तिघंही एकच माहिती तीन तऱ्हांनी सांगतात.

कॅमेरा चालू झाल्यावर पहिला प्रश्न नाव आणि हुद्दा. त्यांच्याच तोंडून, आणि वहीत अक्षरं विचारून. पडद्यावरच्या पट्टीवर नाव चुकलं तर बाकी बातमी बरोबर असली तरी त्या माणसासाठी ती खोटीच. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, आणि तुम्ही लेन्सच्या अगदी शेजारी. पहिला बाईट डावीकडे बघणारा घेतला तर पुढचा उजवीकडे बघणारा घ्या. लागोपाठ लावले तर रांगेत उभे असल्यासारखे दिसत नाहीत.

"आग किती वाजता लागली?" याला उत्तर "चारला". बाईट गेला. "तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं?" असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात तीन आकडे मोजा. पुष्कळदा त्या शांततेत माणूस खरं वाक्य बोलतो. मध्ये "हं, हं, बरोबर" करू नका, तो हुंकार बाईटवर चढतो आणि काढता येत नाही. मान हलवा. "आता कसं वाटतंय?" हा प्रश्न ज्याचं माणूस आत अडकलंय त्याला विचारायचाच नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. आकडे, कलमं, वेळा बाईटमध्ये घेऊ नका, त्या तुम्ही व्हीओत नेमक्या सांगाल. बाईटसाठी माणसाचं मत, आठवण, आरोप किंवा कबुली ठेवा. आरोप असेल तर ज्याच्यावर आहे त्याला फोन केल्याची वेळ वहीत लिहा, उत्तर मिळो न मिळो.

ओळख लपवायची असेल तर चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, घराचं दार, गणवेश, गाडीचा नंबर, हातावरचं गोंदण, शेजाऱ्यांना यातलं एकही पुरतं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं अनेक देशांत गुन्हा आहे. लहान मुलांना पालकांशिवाय कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही. ज्याची ओळख लपवायची त्याला पाठमोरं, उजेडासमोर बसवून काळोखी आकृतीच शूट करा. उघडा चेहरा कार्डवर असला की कुठेतरी, कधीतरी, चुकून लागतोच.

आकडे आणि आलेले व्हिडिओ

मृत आणि जखमींचा आकडा पहिल्या काही तासांत दर वेळी वेगळा ऐकू येतो. एकच जखमी आधी एका रुग्णालयात आणि मग दुसऱ्यात हलवला की तो दोन्ही नोंदवह्यांत असतो आणि बेरजेत दोनदा येतो. जखमींपैकी कुणी दगावलं की मृतांत एक वाढतो, पण जखमींतला एक कमी करायचं राहतं. म्हणून आकडा कधीच नुसता बोलू नका, त्याला वेळ आणि तोंड जोडा: "साडेसातपर्यंत अग्निशमन दलाने चार जखमींना बाहेर काढल्याचं सांगितलंय." उद्या आकडा बदलला तरी हे वाक्य खोटं ठरत नाही. दोन सूत्रं म्हणजे दोन वेगळे उगम. दोघांनीही तिसऱ्याच्याच व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून सांगितलं असेल तर सूत्र एकच.

लोकांनी काढलेला व्हिडिओ मिळाला तर फॉरवर्ड नको, ज्याने शूट केला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेली फाइल दाबलेली असते आणि तिच्यातली वेळ-जागेची नोंद सहसा उडालेली असते. मग पाट्या, सावल्यांची दिशा, पाऊस, गाड्यांचे नंबर तुम्ही उभे आहात त्या जागेशी ताडून बघा. दोन-तीन फ्रेम काढून इंटरनेटवर चित्रावरून शोध घ्या. जुनीच आग नव्या आगीच्या नावाने फिरत असेल तर बहुधा तिथेच सापडते. वापरण्याची परवानगी लेखी घ्या, मेसेजवर चालते.

लिहिणं

व्हीओ कानासाठी असतो. सेकंदाला साधारण दोन शब्द धरा, म्हणजे ६३ सेकंदांना सव्वाशे शब्द. स्वतःचा वेग एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा. हे वाक्य बघा:

"आज पहाटेच्या सुमारास एका गोदामास भीषण आग लागल्याची घटना घडली असून या आगीमध्ये मोठ्या प्रमाणात नुकसान झाल्याचे पाहायला मिळत आहे."

वीस शब्द, दहा सेकंद, आणि पडद्यावर जे दिसतंय त्याहून जास्त काहीच नाही. आता हे:

"पहाटे चारला धूर दिसला. साडेचारला पहिला बंब आला. मागचं शटर कुलूपबंद होतं. आत रात्रपाळीचे तिघे होते."

शब्द कमी, माहिती चौपट. मात्र यातलं प्रत्येक वाक्य कुणी सांगितलं ते वहीत हवं. कुलपाचं वाक्य रखवालदाराच्या एकट्याच्या भरवशावर असेल तर "रखवालदाराच्या म्हणण्याप्रमाणे" जोडल्याशिवाय ते जात नाही.

"करण्यात आली" दिसलं की विचारा, कुणी केली? "पाहणी करण्यात आली" ऐवजी "आयुक्तांनी पाहणी केली". "दरम्यान"ने परिच्छेद जोडू नका. झाले, केले, सांगितले असं लिहिलं तर वाचताना जीभ अडखळते, सरळ झालं, केलं, सांगितलं लिहा. आकडे अक्षरांत लिहा. स्क्रिप्टमध्ये ६९ असं असलं तर घाईत कुणी "एकोणऐंशी" वाचतो, आणि "एकोणसाठ" व "एकोणसत्तर" यांतला फरक गोंगाटात ऐकणाऱ्याला कळत नाही. जमेल तिथे "सुमारे सत्तर" म्हणा. नेमका आकडा ग्राफिकवर द्या. अँकरचा इंट्रो आणि तुमचं पहिलं वाक्य सारखं निघालं तर तुमचं बदला. तो तुमच्या आधी वाचणार आहे.

बाईटच्या आधी तोच बाईट शब्दशः सांगून टाकू नका. "मालकांनी आपल्याला काहीच माहिती नसल्याचं सांगितलं" आणि लगेच मालक: "मला काहीच माहिती नाही." हे रोज लागतं.

पीटीसी शेवटीच हवा असं काही नाही. जिथे चित्र नाही तिथे तो वापरा: आत जायला बंदी आहे, कागदपत्रं दाखवता येत नाहीत, पुढे काय होणार हे सांगायचंय. दोन वाक्यं, पंधरा सेकंद, आणि मागे तीच जागा जिच्याबद्दल बोलताय. दोन टेक चांगले झाल्यावर तिसरा नको.

लाइव्ह

पाठ केलेलं लाइव्ह पहिल्या अडखळण्यालाच कोसळतं. तळहाताएवढ्या कागदावर तीनच मुद्दे लिहा: आत्ताचं ताजं, त्यामागचं कारण, पुढे काय. नावं आणि आकडे त्याखाली मोठ्या अक्षरात. पहिलं वाक्य ताजं हवं, "पहाटे चार वाजता आग लागली" हे अँकरने सांगितलेलं असतं.

उपग्रहाचं लाइव्ह असेल तर प्रश्नानंतर जी बावळट शांतता दिसते ती तुमची चूक नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला सिग्नलला जवळपास पाव सेकंद लागतो. प्रश्न तुमच्यापर्यंत यायला पाव आणि उत्तर परत जायला पाव, शिवाय यंत्रणेचा उशीर वेगळा. मोबाइल नेटवर्कवरून लाइव्ह पाठवणाऱ्या पाठीवरच्या यंत्राला, म्हणजे बॅकपॅकला तर एक-दोन सेकंदही लागतात, नेटवर्क कमजोर असेल तर अधिक. यावर उपाय असा: अँकर बोलत असताना किंचित मान हलवत ऐकत राहा, आणि प्रश्न पूर्ण कानात आल्याशिवाय तोंड उघडू नका. प्रश्न अर्ध्यात तोडलात तर दोघंही थांबता, दोघंही एकदम बोलता, आणि चार सेकंद तसेच जातात.

कानात स्वतःचाच आवाज उशिराने येऊ लागला तर जीभ अडकते, कितीही अनुभवी माणूस असो. स्टुडिओने तुम्हाला तुमचा आवाज वगळलेला कार्यक्रम पाठवायचा असतो, तो चुकलेला असतो. लाइव्हच्या दहा मिनिटं आधी टॉकबॅक (स्टुडिओशी बोलायची लाइन) तपासताना हेच विचारा. ऐन वेळी झालं तर इअरपीस हळूच सैल करा, मुद्दे पूर्ण करा आणि "स्टुडिओकडे परत" म्हणा.

उत्तर माहीत नसलेला प्रश्न येतोच. "आगीचं कारण काय?" "कारण अजून अधिकाऱ्यांनी सांगितलेलं नाही. तपासणी पथक अकराला येतंय, त्यानंतर कळेल." एवढंच. "शॉर्टसर्किट असावं असा अंदाज वर्तवला जातोय" असं म्हणालात तर कुणी वर्तवला हे वहीत दाखवता आलं पाहिजे.

भरीचे शब्द मोजून बघायचे असतील तर स्वतःचं जुनं लाइव्ह लावा. "या ठिकाणी" किती वेळा येतं ते बघा. तुम्ही कुठे आहात हे खालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, या ठिकाणी नसता तर कुठे असता? "आपण पाहू शकता", "कुठेतरी", "पाहायला मिळतंय" हे त्याचेच भाऊबंद. ते सगळे एकाच कारणाने येतात, पुढचं वाक्य तयार नसतं म्हणून. त्या जागी गप्प बसा. अर्ध्या सेकंदाची शांतता कुणाला खटकत नाही.

लाइव्ह संपल्यावर कंट्रोल रूममधून "क्लिअर" ऐकू येईपर्यंत जागेवरच, तोंड बंद आणि चेहरा तसाच. माइक चालू असतो. "झालं का रे?" हे शब्द घराघरांत ऐकू गेल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत.

पाठवताना

सगळं फुटेज एकदम अपलोडला लावू नका. आधी सर्वांत चांगले पाच शॉट आणि एक बाईट, मग व्हीओ, मग बाकी. नेटवर्क मध्येच गेलं तरी डेस्कच्या हातात काहीतरी असतं. फाइलच्या नावात तारीख, स्लग (बातमीचं छोटं नाव) आणि प्रकार टाका, उदाहरणार्थ तारखेपुढे "गोदामआग_बाईट_रखवालदार". "फायनल", "फायनल २" आणि "खरंच फायनल" यातली कोणती लावायची हे रात्रपाळीच्या एडिटरला कळत नाही. सोबत साध्या मजकुरात नावं, हुद्दे, कोणत्या मिनिटाला कोणता बाईट आणि काय दाखवायचं नाही, हे लिहून पाठवा. मूळ कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय आणि दोन्ही कॉप्या उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. नुसती फाइलींची नावं दिसली म्हणजे कॉपी झाली असं होत नाही.

चूक लागून गेली तर पॅकेज बदलून काम संपत नाही. तोच चुकीचा आकडा खाली सरकणाऱ्या टिकरवर, वेबसाइटच्या मथळ्यात, यूट्यूबच्या थंबनेलवर आणि दुपारच्या अँकर इंट्रोमध्येही असतो. डेस्कला फोन करून एकेक जागा नाव घेऊन सांगा, आणि प्रत्येक दुरुस्त झाल्याचं स्वतः उघडून बघा.